शेजारधर्माचे शास्त्र

"आता आमच्या हाती फारसे काही उरलेले नाही. घरी घेऊन जा आणि सेवा करा." मोठ्या रुग्णालयाच्या दारातून हे वाक्य ऐकून परतलेले कुटुंब प्रत्येकाच्या नात्यागोत्यात एखादे तरी असतेच. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने तेथे एक प्रकरण संपलेले असते. घराच्या दृष्टीने ते तेथूनच सुरू होते. रात्री-अपरात्री उठणारी कळ, पाठीला पडलेल्या जखमा, अन्नावरून उडालेले मन, दुकान कोणी उघडायचे आणि उशाशी कोणी बसायचे याची रोजची ओढाताण, आणि या सर्वांच्या तळाशी कोणीच उच्चारू न धजणारे भय. पहिले आठ-पंधरा दिवस भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. महिन्याभरात ती ओसरते. त्यानंतर त्या घरातील सून, मुलगी किंवा वृद्ध पत्नी रुग्णाजवळ एकटीच उरते.

या एकटेपणावर उपाय शोधणे हे ज्यांनी आपले कार्य मानले, त्यांत केरळमधील कोझिकोडचे डॉ. के. सुरेश कुमार आणि लंडनच्या डॉ. लिबी सॅलनो यांची नावे आदराने घेतली जातात. दोघेही डॉक्टर, दोघांचेही क्षेत्र पॅलिएटिव्ह केअर, म्हणजेच उपशामक सेवा. तरीही त्यांच्या कामाचा फार मोठा भाग रुग्णाच्या खाटेपेक्षा त्याच्या गल्लीत, शेजारपाजारी आणि बाजारपेठेत घडला. असाध्य आजाराने ग्रासलेल्या माणसाची काळजी साऱ्या वस्तीची जबाबदारी कशी व्हावी आणि तशी ती झाल्यास रुग्णाचे, कुटुंबाचे व सेवा करणाऱ्याचे आयुष्य नेमके कसे बदलते, याचा शोध त्यांनी घेतला. लोकसहभाग आणि संशोधन ही त्यांच्या कामाची दोन चाके होत.

वेदनेचे चार पदर

उपशामक सेवेविषयी आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. ही केवळ अखेरच्या चार दिवसांची व्यवस्था आहे असे अनेकांना वाटते. काहींना तर ती उपचार सोडून देण्याची कबुली वाटते. वस्तुतः असाध्य किंवा दीर्घ आजाराचे निदान झाल्यापासून, मूळ उपचार चालू असतानाही ती देता येते. कर्करोगाबरोबरच मूत्रपिंडाचे विकार, पक्षाघात, हृदयाची दुर्बलता, स्मृतिभ्रंश आणि मणक्याच्या दुखापतीने आलेले परावलंबित्व या सर्वांत तिचा उपयोग असतो. मृत्यू लवकर आणणे हा तिचा हेतू नाही, आणि तो ओढूनताणून लांबवणे हाही नाही. जितके आयुष्य आहे तितके वेदनारहित आणि सन्मानाने जगता यावे, एवढाच तिचा आग्रह आहे.

या शास्त्राचा आधुनिक पाया इंग्लंडमधील सिसिली सॉन्डर्स यांनी घातला. त्या आधी परिचारिका होत्या, नंतर रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि पुढे मरणासन्न रुग्णांसाठी काही करावयाचे असेल तर डॉक्टर झाले पाहिजे, या जाणिवेने वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या. १९५८ पासून लंडनच्या हॅकनी भागातील सेंट जोसेफ्स हॉस्पिस येथे त्यांनी रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. वेदना असह्य झाल्यावर औषध देण्याऐवजी ठरावीक अंतराने, घड्याळ लावून तोंडावाटे मॉर्फिन दिले तर वेदना डोके वर काढत नाही आणि रुग्ण सावध राहून घरच्यांशी बोलू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसची स्थापना केली.

वेदना ही केवळ शरीराची नसते, ही त्यांची दुसरी महत्त्वाची शिकवण. तिला शरीराचा, मनाचा, संसाराचा आणि आत्म्याचा असे चार पदर असतात. व्यापारी कुटुंबाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. अर्धवट राहिलेला व्यवहार, कोणाचे तरी न फिटलेले देणे, लग्नाची राहिलेली मुलगी, भावाशी वर्षानुवर्षे तुटलेले बोलणे, या गोष्टी अंथरुणावरच्या माणसाला कित्येकदा गाठीपेक्षा जास्त दुखतात. त्यावर गोळी नाही. त्यासाठी कोणीतरी जवळ बसावे लागते.

कोझिकोडमधील आरंभ

कोझिकोड म्हणजे जुने कालिकत. मिरी आणि मसाल्याच्या पदार्थांची ही शतकानुशतकांची बाजारपेठ. गुजराती व्यापाऱ्यांची जुनी वस्ती तेथे आजही आहे. या शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ मध्ये 'पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी' सुरू झाली. डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि स्वयंसेवक अशोक कुमार हे तिचे आरंभीचे शिल्पकार. दोन्ही डॉक्टर मूळचे भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रियेच्या टेबलावर वेदना थांबवणारे शास्त्र त्याच रुग्णाच्या घरातील वेदनेपुढे हतबल का ठरावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा होता.

पहिला अडसर औषधाचाच होता. अमली पदार्थांचा गैरव्यापार रोखण्यासाठी १९८५ मध्ये जो कायदा झाला, त्यातील कठोर शिक्षा आणि परवान्यांच्या गुंतागुंतीमुळे रुग्णालयांनी आणि औषध विक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले होते. यातील विसंगती मोठी होती. ज्या अफूपासून मॉर्फिन तयार होते, तिची शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने चालते. नीमच आणि गाझीपूर येथे तिच्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने आहेत. परदेशातील औषधनिर्मितीसाठी ती निर्यातही होत होती. आणि त्याच देशातील कर्करोगाचा रुग्ण मात्र साध्या गोळीवाचून तळमळत होता. १९९८ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना नियम सुलभ करण्यास सुचवले, केरळने ते केले, आणि २०१४ मध्ये मूळ कायद्यातच दुरुस्ती होऊन अत्यावश्यक औषधांसाठी देशभर एकसारख्या नियमांचा मार्ग मोकळा झाला. या प्रदीर्घ प्रयत्नांत डॉ. राजगोपाल यांचा वाटा मोठा आहे. २००३ मध्ये तिरुवनंतपुरम येथे त्यांनी 'पॅलियम इंडिया' ही संस्था उभारली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

औषध मिळू लागले, तरी दुसरा प्रश्न उरलाच. रुग्ण दूरवरून येत. बस किंवा जीप भाड्याने करून, दिवसाची मजुरी बुडवून, कोणाच्या तरी आधाराने ते केंद्रात पोहोचत. आजार बळावला की येणे थांबे. म्हणजे ज्या काळात मदतीची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच काळात ती तुटे. घरभेटी सुरू झाल्या; पण डॉक्टर मोजके आणि घरे असंख्य. शिवाय घरात गेल्यावर जे दिसे, त्यातले बरेचसे वैद्यकीय नव्हतेच. रेशन संपलेले, मुलांची शाळा सुटलेली, रुग्णाला कुशीवर वळवण्यास दुसरा माणूस नाही, आणि दिवसभरात दोन शब्द बोलणारे कोणी नाही. या गरजा भागवण्यासाठी डॉक्टरांची संख्या वाढवणे हा उपाय नव्हता. माणसे त्याच गल्लीत होती. त्यांना बोलवावयाचे राहिले होते.

आठवड्याचे दोन तास

या विचारातून, विसावे शतक सरत असताना, मलप्पुरम, कोझिकोड आणि आसपासच्या जिल्ह्यांत 'नेबरहूड नेटवर्क इन पॅलिएटिव्ह केअर', म्हणजे शेजाऱ्यांचे सेवाजाळे, उभे राहू लागले. त्याची योजना साधी होती. आपल्या परिसरातील आजाऱ्यांसाठी आठवड्यातून किमान दोन तास देण्यास जो तयार असेल, त्याने नाव नोंदवावे. शिक्षण, धर्म, पक्ष यांची अट नाही. सोळा तासांचे प्रशिक्षण आणि अनुभवी पथकाबरोबर चार दिवसांचे प्रत्यक्ष काम झाले की दहा-पंधरा स्वयंसेवकांचा गट आपल्या भागातील दीर्घ आजारी माणसांचा शोध घेऊ लागतो.

प्रशिक्षणात काय शिकवले जाते? सर्वप्रथम ऐकणे. रुग्णाचे म्हणणे मध्येच न तोडणे, खोटा धीर न देणे, उपदेश न करणे. मग शुश्रूषेच्या साध्या गोष्टी: अंथरुणाला खिळलेल्याची कूस ठरावीक वेळाने बदलणे, तोंडाची स्वच्छता, शय्याव्रण टाळणे, घरच्या माणसांना जखम धुण्यास शिकवणे. मॉर्फिन घेणाऱ्याला बद्धकोष्ठ होतो, म्हणून त्याबरोबर सारक औषध लागतेच, हे त्यांना ठाऊक असते. दुर्गंधी येणाऱ्या जखमेवर मेट्रोनिडाझोलची पूड टाकली की वास कमी होतो आणि नातवंडे पुन्हा आजोबांजवळ येऊन बसतात. इतका लहान उपाय घरातील नाती कशी सांधतो, हे स्वयंसेवक प्रत्यक्ष पाहतो. कोणते काम परिचारिकेचे आणि कोणते डॉक्टरांचे, याची मर्यादाही त्याला शिकवली जाते.

येथे डॉ. सुरेश कुमार यांनी घेतलेली भूमिका निर्णायक ठरली. स्वयंसेवक म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचे बिनपगारी नोकर, ही समजूत त्यांनी नाकारली. गट स्वतःच्या बैठका स्वतः घेतो, कोणत्या घराला काय हवे ते स्वतः ठरवतो, निधी स्वतः उभारतो, आणि लागेल तेथे डॉक्टर व परिचारिकांना बोलावतो. आधीच्या पद्धतीत डॉक्टर कार्यक्रम आखीत आणि लोक मदतीला येत. या पद्धतीत लोक कार्यक्रम आखतात आणि डॉक्टर मदतीला जातात. आपला अधिकार असा सोडून देणे कोणत्याही जाणकाराला सोपे नसते. कोझिकोडच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ पॅलिएटिव्ह मेडिसिन'ने ते स्वीकारले. पुढे उपशामक सेवेतील लोकसहभागासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे सहयोगी केंद्र म्हणून या संस्थेला मान्यता मिळाली.

गल्ल्यावरची पेटी

पैसा कोठून आला, हे व्यापारी वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. तो प्रामुख्याने लहान लहान रकमांतून आला. दुकानाच्या गल्ल्यावर ठेवलेली पेटी, दरमहा ठरावीक दहा-वीस रुपये देणारी घरे, मजुरांनी आणि बसवाहतूक करणाऱ्यांनी बाजूला काढलेला वाटा, शाळा-महाविद्यालयांतील मुलांनी जमवलेली नाणी. एकरकमी मोठ्या देणगीला नकार नव्हता. परंतु भर या बारीक आवकीवर होता. त्यामागे व्यवहारज्ञान आहे. एका मोठ्या दात्यावर उभे असलेले काम त्या दात्याच्या मर्जीवर आणि मंदी-तेजीवर अवलंबून राहते. हजार लहान दात्यांचे काम बुडत नाही. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दरमहा दहा रुपये देणारा माणूस ते काम आपले मानतो, त्याचा हिशेब विचारतो, आणि शेजारी कोणी आजारी पडले की तोच पहिली खबर देतो.

मदतीचे स्वरूपही केवळ औषधांपुरते ठेवले गेले नाही. गरजू कुटुंबांना धान्य, मुलांच्या शिक्षणाचा खर्च, आणि मणक्याच्या दुखापतीने अंथरुणाला खिळलेल्या तरुणांना छत्र्या, साबण, कागदी पिशव्या यांसारख्या वस्तू तयार करण्याचे काम. हातात कमाई आली की आजारी माणूस पुन्हा घरातला कर्ता होतो, हे या कार्यकर्त्यांनी ओळखले.

केरळ शासनाने एप्रिल २००८ मध्ये स्वतंत्र उपशामक सेवा धोरण जाहीर केले. असे धोरण आखणारे ते देशातील पहिले राज्य. त्यानंतर ग्रामपंचायतींच्या माध्यमातून परिचारिकेची घरभेट ही सार्वजनिक सेवेचा भाग झाली. २०१० मध्ये लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट'ने चाळीस देशांतील अंतकाळच्या सेवेचा तौलनिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात भारताचा क्रमांक शेवटचा, चाळिसावा होता. मात्र त्याच अहवालात केरळचा उल्लेख आशेचा किरण म्हणून केला होता: देशाच्या लोकसंख्येत जेमतेम तीन टक्के असलेल्या या राज्यात देशातील सुमारे दोन-तृतीयांश उपशामक सेवा दिली जात होती.

विचारण्याचे शास्त्र

या कामाची कीर्ती परदेशी पोहोचली, तेव्हा ते शिकण्यासाठी आलेल्यांत डॉ. लिबी सॅलनो होत्या. केरळमधील सेवाजाळ्याचा अभ्यास त्यांनी डॉ. सुरेश कुमार यांच्या समवेत केला आणि २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ ॲलन केलेहिअर यांच्यासह या तिघांनी सार्वजनिक आरोग्य आणि उपशामक सेवा या विषयावर आंतरराष्ट्रीय ग्रंथ संपादित केला. असाध्य रुग्णाच्या एकूण वेळेपैकी फार तर पाच टक्के वेळ डॉक्टर-परिचारिकांच्या सहवासात जातो आणि उरलेला सारा कुटुंब, शेजारी, मित्र यांच्यासह किंवा एकांतात जातो, असे केलेहिअर यांचे प्रतिपादन आहे. शास्त्र मात्र त्या पाच टक्क्यांचाच विचार करत आले होते.

पुढे डॉ. सॅलनो यांनी लंडनच्या पूर्व भागातील सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये 'कम्पॅशनेट नेबर्स', म्हणजे करुणाशील शेजारी, या उपक्रमात मोलाचा वाटा उचलला. जेथे सिसिली सॉन्डर्स यांनी मॉर्फिनचा अभ्यास केला, तीच ही संस्था. वेदनाशमनाचे ज्ञान इंग्लंडहून कोझिकोडला आले होते. शेजारधर्माचे ज्ञान कोझिकोडहून त्याच दारी परत गेले. प्रशिक्षण घेतलेला शेजारी आपल्याच परिसरातील एखाद्या आजारी, एकाकी माणसाकडे नियमाने जातो, गप्पा मारतो, त्याला बाहेर फिरवून आणतो. लंडनमधील इतर हॉस्पिसांनीही हा उपक्रम पुढे उचलला.

डॉ. सॅलनो यांचे संशोधन दोन प्रश्नांभोवती फिरते. पहिला: लोकसहभाग म्हणजे नेमके काय? २०१५ मध्ये एका सहकाऱ्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी त्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. लोकांना माहिती देणे, त्यांचे मत विचारणे, त्यांच्यासह सेवा घडवणे, बरोबरीने काम करणे, आणि शेवटी सूत्रेच त्यांच्या हाती देणे. पुष्कळ संस्था पहिल्या पायरीवर उभ्या राहून आपण पाचवीवर पोहोचल्याचा समज करून घेतात. या मांडणीने तो आरसा त्यांच्यापुढे धरला. दुसरा प्रश्न: अशा कामाचा परिणाम काय होतो? यावरील उपलब्ध अभ्यासांचा त्यांनी आढावा घेतला. कुटुंबांना प्रत्यक्ष मदत होते, सेवा करणारा स्वतः शिकतो व प्रगल्भ होतो, आणि पुढच्या आजाऱ्याला सांभाळण्याची त्या वस्तीची ताकद वाढते, असे निष्कर्ष त्यातून पुढे आले.

२०२२ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या मृत्यूविषयक आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. डॉ. सॅलनो त्याच्या सहअध्यक्षा होत्या. मृत्यू घरातून रुग्णालयात गेला, रुग्णालयातून अतिदक्षता विभागात गेला आणि कुटुंबाला त्याच्याशी कसे वागावे हेच उमगेनासे झाले, असे या अहवालाचे सांगणे आहे. एकीकडे काहींवर अखेरच्या दिवसांत निष्फळ उपचारांचा भडिमार होतो, दुसरीकडे असंख्यांना साधी वेदनाशामक गोळीही मिळत नाही. या दोन्ही टोकांपासून दूर जाण्याच्या मार्गाचे उदाहरण म्हणून आयोगाने केरळकडे बोट दाखवले.

कसोटीचे प्रश्न

या कार्याचे कौतुक करताना त्यातील अवघड प्रश्न झाकून ठेवणे योग्य होणार नाही. शेजारी घरात आला की घरातील गोष्ट बाहेर जाण्याचे भय असते; म्हणून गुप्तता ही सेवेइतकीच महत्त्वाची शिस्त ठरते. सर्व गटांचा दर्जा सारखा नसतो. सेवेचे छायाचित्र काढून मिरवण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो, आणि मदत घेणाऱ्याची मान त्याने खाली जाते. शासन पुढे आल्यावर लोकांनी मागे सरावे काय, हाही प्रश्न आहे; कारण परिचारिका पगारी मिळते, परंतु शेजारी पगारी मिळत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न घरातल्या स्त्रियांचा आहे. 'घरीच सेवा' हे शब्द उदात्त आहेत. पण त्या सेवेचा भार बहुधा एकाच स्त्रीच्या खांद्यावर येतो. म्हणूनच घरभेटीत रुग्णाइतकीच तिचीही विचारपूस करावी लागते: रात्री झोप झाली का, स्वतःचे जेवण वेळेवर होते का, दोन तास बाहेर जाऊन येता का, तोवर आम्ही बसतो. हे शेवटचे वाक्य कित्येकदा कोणत्याही औषधापेक्षा मोलाचे ठरते.

आपल्या दाराशी

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. देशातील पहिले हॉस्पिस 'शांती आवेदना सदन' मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झाले. पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून कर्करोगग्रस्तांसाठी उपशामक सेवा केंद्र विनामूल्य चालते. टाटा स्मारक रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि राज्याने २०१२ मध्ये आपले उपशामक सेवा धोरणही जाहीर केले. उणीव आहे ती या केंद्रांच्या आणि घरांच्या मधल्या अंतरात, म्हणजेच गल्लीत आणि पेठेत.

व्यापारी समाज दानात कधी मागे राहिलेला नाही. धर्मशाळा, दवाखाने, रुग्णवाहिका, खाटा आणि प्राणवायूची यंत्रे त्याने उदार हाताने दिली आहेत. कोझिकोडचा अनुभव त्याच्याकडे आणखी एका गोष्टीची मागणी करतो, आणि ती रोख्याने देता येत नाही. पेठेत कोणाच्या घरी कोण अंथरुणाला खिळून आहे, याची माहिती दुकानदाराइतकी कोणालाच नसते. रोज येणारे गिऱ्हाईक महिनाभर दिसले नाही, उधारीची वही पुढे सरकली नाही, औषधांच्या दुकानातील बिल वाढत गेले, हे सारे त्याला कळते. दहा दुकानदारांनी आणि त्यांच्या घरातील दहा जणींनी आठवड्याचे दोन-दोन तास काढायचे ठरवले, जवळच्या रुग्णालयातील जाणकारांकडून रीतसर प्रशिक्षण घेतले, तर एका पेठेपुरते सेवाजाळे उभे राहण्यास लागणारे मनुष्यबळ तेवढेच आहे.

आजाऱ्याच्या घरी पहिल्या आठवड्यात सारेच जातात. फळांच्या परड्या येतात, विचारपूस होते. तिसऱ्या महिन्यात, चपलांनी भरलेला उंबरठा रिकामा झालेला असताना, त्या घराची कडी वाजवणारा कोणी असावा, त्याने घाई न करता बसावे, आणि निघताना "पुढच्या गुरुवारी येतो" म्हणून खरोखरच यावे, एवढ्यासाठी हे सारे शास्त्र उभे राहिले आहे.